लांब तारांची गिटार

मित्रांनो, दारामागच्या खुंटीला पट्ट्यानं अडकवलेली दिसते आहे ना, ती मी. म्हातारी गिटार. माझं पॉलिश जागोजागी उडालं आहे. पोटाच्या वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो, तिथलं लाकूड घासून घासून उघडं पडलं आहे. पोटावर तारा जिथे अडकवतात त्या घोडीच्या मागे एक बारीक रेघ दिसेल, ती जुन्या चिरेची आहे. वय झालेली मंडळी आपली दुखणी सांगत बसतात, तसं मी करणार नाही. मला सांगायचं आहे ते माझ्या तारांच्या लांबीबद्दल, आणि त्या लांबीपायी एका घरात काय काय झालं त्याबद्दल.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या खोलीत झाला. खोलीत एक लांबलचक टेबल होतं, भिंतीवर करवती आणि रंधे टांगलेले होते, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर सरसाचं भांडं कायम कोमट असायचं. मला घडवणारे कारागीर फारसे बोलत नसत. लाकडाची फळी उचलायची, कानाशी धरायची, बोटानं ठोकायची आणि ऐकायची. पसंत पडली तर डावीकडे, नाही पडली तर उजवीकडे. उजवीकडच्या फळ्यांची पुढे स्टुलं व्हायची. मी डावीकडे गेले, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

मी नुसत्या फळ्या होते तेव्हाच माझे मालक मला शोधत आले. आत येतानाच त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं.

"दार लहान आहे तुमचं," ते कपाळ चोळत म्हणाले.

"दार बरोबर आहे. तुम्ही जास्त आहात," कारागीर म्हणाले.

त्यांना सगळे लंबू म्हणत. पुढे वय वाढलं तसे ते लंबूकाका झाले, म्हणून मीही त्यांना लंबूकाकाच म्हणते. ते स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात गिटार वाजवायचे.

"लोक जेवताना बोलतात, चमचे आपटतात, खुर्च्या ओढतात," ते म्हणाले. "या सगळ्यावरून ऐकू जाईल असा आवाज पाहिजे मला."

कारागिरांनी त्यांचा हात मागितला, एका फळीवर उपडा ठेवला आणि पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ ओढली. मग रेघेकडे बघून म्हणाले, "हा हात आहे की वल्हं?" आणि त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती.

"ओढा बघू ही. ताठ झाली पाहिजे."

लंबूकाकांनी जोर लावून ओढली. मग कारागिरांनी तीच दोरी मधल्या खांबाला बांधली आणि उरलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. तो नुसता चिमटीत धरून ओढला तरी ताठ झाला.

"तारेचंही असंच असतं," कारागीर म्हणाले. "वरच्या हाडाच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत तार जेवढी लांब, तेवढी तिला त्याच सुरावर आणायला जास्त ताणावी लागते. लांब ठेवली तर तार ताठ राहील, तुम्ही कितीही जोरात छेडलीत तरी खडखडणार नाही. आवाज खणखणीत येईल. पण दाबायला जड जाईल. तुमच्या पंजाला चालेल, दुसऱ्या कुणाला कदाचित नाही."

"दुसरं कोण वाजवणार आहे?" लंबूकाका म्हणाले.

कारागिरांनी मला तशीच घडवली. मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या बसवल्या. त्यांना पडदे म्हणतात. पडद्याच्या मागे बोट दाबलं की तार तिथून पुढे आखूड होते आणि सूर चढतो. तार लांब असली की पडद्यांमधली अंतरंही त्याच हिशेबात वाढतात. माझे पहिले चार पडदे इतके दूर दूर बसले होते, की साध्या माणसानं त्यांच्यावर चार बोटं पसरली तर पंजा दुखून यावा. सहा तारा चढवून सुरात लावल्या तेव्हा माझ्या मानेवर एका धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनाएवढा ओढा आला. मी कण्हले. मग कारागिरांनी तारांवरून अंगठा फिरवला, आणि इतका मोठा आवाज निघाला की माझं कण्हणं मलाच ऐकू येईना.

हॉटेलातले ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी आमची खुर्ची असायची. दार उघडलं की भांड्यांचा गोंगाट बाहेर यायचा, आणि लंबूकाका हात आणखी जड करायचे. माझ्या तारा त्यांच्या बोटाखाली उलटा जोर लावायच्या, आणि त्यांना तेच आवडायचं. ते म्हणायचे, "हिच्याशी हात मिळवावा तर समोरूनही हात दाबला जातो. ढिल्या तारांची गिटार म्हणजे ओल्या टॉवेलशी हात मिळवणं." त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. ते घट्टे ते लोकांना पदकासारखे दाखवायचे. लोक जाताना माझ्या पोटावर टकटक करून म्हणायचे, काय आवाज आहे हो! मी फुगून जायचे.

एकदा हॉटेलाचे टेबलक्लॉथ शिवून घेऊन आलेली एक बुटकीशी मुलगी गठ्ठा खाली ठेवून आमच्यासमोर थांबली. गाणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तुमची तिसरी तार उतरली आहे."

"शक्यच नाही," लंबूकाका म्हणाले.

"बघा मग."

त्यांनी पाहिलं. खरंच उतरली होती, अगदी केसभर. इतक्या गोंगाटात तिला ती कशी ऐकू आली, याचं नवल त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. ते नवल संपायच्या आत दोघांचं लग्न झालं. त्या मुलीला मी काकू म्हणते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकूंनी मला मांडीवर घेतलं. लंबूकाकांनी मोठ्या हौसेनं त्यांची बोटं माझ्या तारांवर मांडून दिली. पहिलं बोट इथे, दुसरं इथे, तिसरं तिथे. तिसरं पोहोचेना. ते ओढून बसवलं तर पहिलं उठायचं. काकूंनी दात ओठ खाऊन तारा दाबल्या, पण माझ्या ताठ तारा त्यांना दाद देईनात. सुराऐवजी ठप् ठप् असा आवाज येत राहिला. बोटांच्या टोकांवर लाल वळ उमटले.

लंबूकाका हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण हसले. "अगं, तुझे हात म्हणजे चहाचे चमचे. गिटारीला पंजा लागतो."

काकूंनीही हसून मला परत दिलं. "राहू दे. मी ऐकते, तेवढं पुरे."

मित्रांनो, मी ते ऐकत होते. मला ठाऊक होतं की माझ्या तारा चार बोटं आखूड असत्या, तर त्या हातांनी मला कधीच बोलतं केलं असतं. पण वाद्याला स्वतःहून तोंड उघडता येत नाही. काकूंनी मला पुन्हा कधी मागितलं नाही. लंबूकाका घरी वाजवायला बसले की त्या शिलाई मशीनवर बसायच्या. गाण्याचा ताल आणि पायाचा ताल एकच असायचा. मधेच मान वर न करता म्हणायच्या, "अहो, पाचवी बघा." आणि पाचवी तार खरोखरच बिघडलेली असायची. त्यांची नजर मात्र शिवणावरून उठून पुन्हा पुन्हा लंबूकाकांच्या डाव्या हातावर जायची. कोणत्या सुराला कोणतं बोट कुठे, हे त्यांनी किती वर्षं बघितलं असेल!

पुढे हॉटेलात भिंतीवर स्पीकर लागले आणि आमची खुर्ची गेली. मग आम्ही कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या निरोपसमारंभाला जाऊ लागलो. लंबूकाकांचे केस पांढरे झाले. तरी मला उचलायची त्यांची तऱ्हा तीच राहिली, दोन बोटांत मान धरून एका झोक्यात मांडीवर.

आणि एका सकाळी दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातला आरसा खाली पडला. त्यांना तो उचलता आला नाही. पाठोपाठ तेही खाली बसले. काकू शेजाऱ्यांना हाका मारत धावल्या. त्यानंतर घर बरेच दिवस बंद होतं.

ते दवाखान्यातून परत आले ते चाकांच्या खुर्चीवर बसून. जीव वाचला होता, पण डावी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, तरी शब्द कळायचे. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई रोज यायच्या. त्या त्यांच्या डाव्या हातात रबराचा चेंडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाबा काका." चेंडू आपटून पलंगाखाली जायचा. पाय हळूहळू उचलू लागला. हात काही ऐकेना.

एक दिवस त्यांनी मला मागितलं. काकूंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, माझ्या मानेवर नेऊन ठेवला आणि बोटं एकेक करून तारांवर मांडली, जशी कधी काळी काकूंची मांडली होती. मग त्यांनी तारा छेडल्या. ठप्. माझ्या ज्या ताठपणाचं त्यांना एवढं कौतुक होतं, तोच आता त्यांच्यापुढे भिंत होऊन उभा राहिला. त्यांनी पुन्हा छेडलं. पुन्हा ठप्.

"विकून टाक हिला," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

काकूंना मला विकवेना, आणि त्यांच्यासमोर ठेववेना. त्यांनी मला कपाटाच्या मागे उभं केलं. तिथून गरम पाण्याचा पाइप गेला होता. माझ्या तारा कुणी सैल केल्या नाहीत, कुणाला सुचलंच नाही. माणूस दोन्ही हातांनी ओझं धरून उभा राहावा आणि त्याला 'ठेव आता खाली' म्हणायला कुणी असू नये, तशी मी ऊन पाइपाशेजारी ताणलेली उभी होते. लाकूड सुकत गेलं. मान पुढे वाकली. पोट घोडीपाशी वर आलं. आणि एका दुपारी घोडीच्या मागे टक् असा आवाज झाला.

काकूंनी मशीन थांबवलं. तेवढासा आवाज, पण त्यांच्या कानांना तो पुरला. त्यांनी मला बाहेर काढलं, चिरेवरून बोट फिरवलं. "विकायची तर निदान धड करून विकू," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मला चादरीत गुंडाळून त्याच अरुंद गल्लीत घेऊन गेल्या.

कारागीर आता नव्हते. त्यांची मुलगी दुकान चालवत होती. तिचेही केस पिकले होते आणि चष्मा कायम कपाळावर असायचा. तिनं माझ्या पोटात छोटा दिवा घालून पाहिलं.

"ही बाबांनी केलेली आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही हिला ताणलेली ठेवली होतीत. किती महिने?"

काकू चादरीची घडी घालत राहिल्या. तिनंही पुन्हा विचारलं नाही. आधी तिनं माझ्या तारा सैल केल्या. मित्रांनो, त्या सुटकेचं वर्णन मला करता येणार नाही. मग तिनं चीर सांधली, आतली सुटलेली पट्टी सरसानं चिकटवली, मानेतली लोखंडी सळई थोडी थोडी पिळून मान सरळ केली. हे एका दिवसाचं काम नव्हतं. काकू आठवड्यातून एकदा मला बघायला यायच्या. आजाऱ्याला भेटायला यावं तशा स्टुलावर बसायच्या.

शेवटी नव्या तारा चढल्या. दुखण्यातून उठलेल्यावर एकदम ओझं टाकू नये म्हणून दुरुस्तीवाल्या ताईनं त्या पूर्ण सुरावर नेल्या नाहीत, थोड्या खालीच ठेवल्या. मान किती सरळ झाली ते मोजायचं होतं, म्हणून तिनं दुसऱ्या पडद्यापाशी एक चिमटा लावला. या चिमट्याला कॅपो म्हणतात. तो मानेवर आवळला की सगळ्या तारा तिथेच दाबल्या जातात.

"जरा धरता का काकू? मी मोजपट्टी आणते," म्हणून तिनं मला काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली.

काकूंनी मला धरलं. त्यांचा डावा हात आपोआप माझ्या मानेवर आला. त्यांच्याही नकळत बोटं जागेवर बसली. पहिलं इथे, दुसरं इथे, तिसरं तिथे. तिसरं पोहोचलं. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा तारांवरून फिरवला.

स्वच्छ, पूर्ण सूर उमटला.

आतून मोजपट्टी खाली पडल्याचा आवाज आला. दुरुस्तीवाली ताई दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही वाजवता? मागे विचारलं तर म्हणालात, आता कुणी वाजवत नाही!"

"नाहीच वाजवत," काकू म्हणाल्या. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "हे बोट आज पोहोचलं कसं? माझे हात तर लहान आहेत."

"हात तेवढेच आहेत. तार आखूड झाली आहे." ताई शेजारी बसली. "हे बघा. आधी मी सगळ्या तारा खाली उतरवल्या. मग चिमटा लावला, म्हणजे तार इथून सुरू झाली, आखूड झाली. आखूड झाल्यामुळे सूर पुन्हा वर चढला आणि मूळ जागी आला. सूर तोच राहिला. पण तारेवरचा ताण पाचव्या हिश्शानं तरी कमी झाला, आणि चिमट्याच्या खालचे पडदे एकमेकांच्या जवळ आहेत. मूळची गिटार फार लांब तारांची आहे. माझ्यासुद्धा बोटांना जड जाते ती."

"म्हणजे हे तेव्हाही..." काकू म्हणाल्या आणि थांबल्या. चिमट्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हा चिमटा विकत मिळतो?"

"असाच घेऊन जा. आणि गिटारीला गिऱ्हाईक बघू ना?"

"नको," काकू म्हणाल्या.

घरी त्यांनी मला स्वयंपाकघरात ठेवलं. दुपारी लंबूकाका आडवे झाले की त्या दार लोटून घ्यायच्या आणि वाजवायच्या. डावा हात इतक्या वर्षांचं बघून बघून शहाणा झाला होता, तो झटपट शिकला. गाडी अडायची ती उजव्या हातापाशी. लंबूकाकांच्या त्या हाताकडे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. मशीनवर पायानं सरळ चालणारा ताल हातात आला की लंगडायचा.

लंबूकाका झोपत नव्हते, हे काकूंना ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी लंबूकाकांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चिमटा लावलायस."

काकूंच्या हातातला घास थांबला. "हो."

"नवशिके लावतात तो. काढ. नाहीतर वाजवू नकोस."

"मी नवशिकीच आहे," काकू म्हणाल्या. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं नाही.

काही दिवस असेच गेले. काकू एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवायच्या आणि एकाच ठिकाणी अडखळायच्या. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरायची. मग एका दुपारी लंबूकाकांचा संयम सुटला.

"थांब, थांब, थांब! ताल मोडतेयस! तिथे हात वरून खाली नाही, खालून वर!"

"मग दाखवा ना येऊन!" काकूही तडकल्या.

डॉक्टरीणबाईंनी एवढे महिने सांगूनही जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. ते काठी टेकत, भिंत धरत, कुणाच्याही मदतीशिवाय स्वयंपाकघरात आले आणि काकूंच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत धपकन बसले. त्यांनी माझं पोट स्वतःच्या मांडीवर ओढलं. माझी मान काकूंच्या हातातच राहिली.

"तू धर. मी वाजवतो."

काकूंनी बोटं मांडली. लंबूकाकांचा उजवा हात तारांवर आला. त्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. तो तितकाच जड, तितकाच नेमका होता. दोन माणसांनी मिळून मला एका गिटारीसारखं वाजवलं. पहिल्यांदा दोघांचा मेळ बसेना. ते पुढे जायचे, काकू मागे राहायच्या. मग काकू म्हणाल्या, "तुम्ही श्वास घेता ना, तेव्हा मी बदलते." त्यानंतर जमलं.

आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता. कमी ताणाच्या तारा मऊ बोलतात, आणि त्यांच्या जड हाताखाली थोड्या खडखडल्यासुद्धा. लंबूकाकांनी तोंड वाकडं केलं, मग हळूच हात हलका केला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हळू वाजवलं.

गाणं संपल्यावर त्यांनी एका हातानं चिमटा काढला. खुंट्या पिळून तारा पूर्ण सुरावर नेल्या आणि म्हणाले, "आता धर बघू तोच सूर."

काकूंनी प्रयत्न केला. तिसरं बोट पोहोचेना. ओढून बसवलं तर पहिलं उठायचं. ठप्. लंबूकाका त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनीच तारा उतरवल्या आणि चिमटा पुन्हा लावला. एका हाताला वेळ लागत होता, पण काकूंनी मदत केली नाही.

"म्हणजे हात लहान नव्हते," ते म्हणाले.

"नव्हते."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं? तुम्ही म्हणालात, मी ऐकलं."

लंबूकाकांचा निर्जीव डावा हात दोघांच्या मधे पडला होता. काकूंनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतरची वर्षं मला हॉटेलातल्या वर्षांहून जास्त प्रिय आहेत. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि आम्हाला दवाखान्याच्या व्यायामाच्या हॉलमध्ये बोलावलं. तिथे काठ्या, वॉकर आणि चाकांच्या खुर्च्या घेऊन माणसं बसली होती. मधेच काकू चुकल्या तर लंबूकाका मोठ्यानं म्हणायचे, "ही माझी चूक नाही हं!" आणि हॉल हसायचा. नव्यानंच हात लुळा पडलेला एक माणूस भिंतीशी बसला होता. तो हसला नाही, पण गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, "पुढच्या आठवड्यात येणार का?" आम्ही गेलो. त्याच्यासाठी म्हणून पुढे बरेच आठवडे गेलो.

लंबूकाका शांतपणे गेले. त्यांच्या माघारी काकूंनी काही दिवस मला हात लावला नाही. पण या खेपेला त्या तारा सैल करायला विसरल्या नाहीत. मग त्यांनी उजवा हातही स्वतःच घडवला. पुढे पुढे बोटांचे सांधे दुखू लागले, चिमटा लावूनही मी जड वाटू लागले. तेव्हा दुरुस्तीवाल्या ताईनं त्यांच्यासाठी मुळातच आखूड तारांची एक छोटी गिटार केली. काकूंच्या मांडीत ती मांजरासारखी बसते. ती मला आवडते. तिचा आवाज जवळ बसणाऱ्यासाठी आहे.

मला मात्र खुंटी आली. काकू मला पुसायच्या, पण मी गप्प आहे हे त्यांच्या कानांना सहन होईना. त्यांनी ताईला सांगून ठेवलं, "हिला पेलणारं कुणी आलं तर कळव."

आली ती एक बसची ड्रायव्हर. उंच, रुंद खांद्यांची, स्टिअरिंग फिरवून फिरवून पंजे भक्कम झालेली. ताईचा निरोप आला तशा काकू मला घेऊन दुकानात गेल्या, तोवर दुकानातली प्रत्येक गिटार तिनं खाली ठेवली होती. "सगळ्यांवर माझी बोटं एकमेकांत अडकतात," ती वैतागून म्हणाली. "तारा तर नुसत्या लोळतात हो हाताखाली. मला वाटतं, माझे हातच गिटारीचे नाहीत."

काकूंनी चष्मा पुसला. "असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"शिकवणाऱ्या सरांनी. म्हणाले, फार मोठे आहेत."

काकूंनी माझा चिमटा काढला, तारा चढवत चढवत पूर्ण सुरावर नेल्या आणि मला तिच्या हातात दिलं. ड्रायव्हरताईनं बोटं मांडली. प्रत्येक बोटाला ऐसपैस जागा मिळाली. तिनं दाबलं, मी उलट दाबलं. तिनं जोरात छेडलं, आणि इतक्या वर्षांनी माझा सगळा आवाज बाहेर आला. दुकानाच्या काचा थरथरल्या. दुरुस्तीवाली ताई आतून म्हणाली, "अरे बापरे!"

काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मला देताना त्यांनी ड्रायव्हरताईला सांगितलं, "उन्हात आणि गरम पाइपाजवळ ठेवू नका. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा उतरवून ठेवा, ती बोलणार नाही, पण तिला दुखतं. आणि घरात दुसऱ्या कुणाला वाजवावंसं वाटलं, तर हिच्यावरून त्याची पारख करू नका."

मित्रांनो, माझी कहाणी इथवर आली आहे. मी काही वाईट गिटार नव्हते आणि काकूंचे हातही वाईट नव्हते. आमची गाठ चुकीच्या लांबीवर पडली होती, आणि ते कळायला आमची बरीचशी वर्षं गेली. तुमच्या घरात एखादं वाद्य कोपऱ्यात ताणलेलं उभं असेल, तर आज त्याची धूळ पुसा, त्याच्या तारांना थोडी विश्रांती द्या. मग ते कुणाच्या तरी हातात द्या. आणि बोटं पोहोचली नाहीत, तर 'तुला जमायचं नाही' हे वाक्य तोंडातच ठेवा. आधी तारेची लांबी बघा, ताण बघा, आखूड तारांचं दुसरं वाद्य हातात देऊन बघा.

जिन्यावर पावलं वाजत आहेत. ड्रायव्हरताईची पहिली पाळी संपली वाटतं. ती आल्या आल्या बूट काढते, हात धुऊन नीट कोरडे करते, ओल्या हातानं मला कधी धरत नाही. आता ती मला खाली घेईल आणि दोन गाणी होईपर्यंत चहासुद्धा ठेवणार नाही. तुम्हीही बसा ना. आवाज मोठा आहे माझा, दाराजवळ बसलात तरी ऐकू येईल.